सीटकव्हरच्या कापडाची पिशवी

रविवारी सकाळी मी सायकल काढते, चिखलीहून मोशीमार्गे चऱ्होलीपर्यंत जाते, नदीकाठी थोडा वेळ बसते आणि परत येते. बस, एवढंच. मला शुगर नाही, वजन उतरवायचं नाही, विहारात जायचं नसतं की कुणाला भेटायचं नसतं. सायकल चालवायला आवडतं म्हणून जाते. इतकी साधी गोष्ट आमच्या घरात आणि सोसायटीत कुणाच्या गळी उतरत नाही, त्याला मी काय करू?

सायकलही काही भारी नाही. भाचीनं कॉलेज संपल्यावर टाकून दिलेली लेडीज सायकल. गियर नाहीत आणि मला ते नकोतही. मी हळू चालवते, इतकी हळू की चढावर सकाळी फिरायला निघालेले म्हातारे मला मागे टाकतात. टाकू देत. हेल्मेट आणि तंग कपडेवाल्यांचे घोळके शेजारून सुसाट जातात, त्यांना कुणी हटकत नाही. पण पंजाबी ड्रेसमधली, केस पिकलेली बाई सायकलवर दिसली की दर चौकात कुणीतरी विचारतंच, "काय मावशी, कुणीकडं?" सायकलवर निघाली म्हणजे बाईचं काहीतरी अडलं असणार, अशी लोकांची खात्रीच असते.

यामागचं कारण मला ठाऊक आहे. आमच्या पट्ट्यात सायकल ही सोडायची गोष्ट आहे. माझे वडील हँडलला डबा लटकवून पिंपरीच्या कंपनीत सायकलनं जायचे. मग घरोघरी स्कूटर आली, मोटरसायकल आली, आता पार्किंगमध्ये चारचाकी उभी आहे. सायकल सुटली म्हणजे घर वर आलं, असा हिशेब. माझा मुलगा चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे, त्याला तर माझी सायकल डोळ्यांत खुपते.

"आई, लोक म्हणतात, दारात गाडी असून आईला सायकलवर पाठवतो," तो एकदा म्हणाला.

"लोकांना सांग, आई ऐकत नाही."

"आणि पडलीस तर?" आमच्या ह्यांनी मध्येच तोंड घातलं.

"पडले तर उठेन."

मला राग येतो, खरंच येतो. मी चाकणजवळच्या एका युनिटमध्ये वर्षानुवर्षं गाड्यांची सीटकव्हर शिवली. पहाटे कंपनीची बस, शिफ्ट, ओव्हरटाइम, घरी आल्यावर भाकरी. रविवार यायचा तो धुण्याच्या ढिगात जायचा. युनिट दुसऱ्या राज्यात हललं आणि आम्हा बायकांना घरी बसवलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम कर. म्हणजे काय, तर घरात बस. मला घरात बसायचं नव्हतं. मला एक सकाळ हवी होती, जिच्यात मी कुणाच्याच कामाची नसेन.

चऱ्होलीत नदीकडे वळायच्या आधी एक जुनं घर आहे, चारी बाजूंनी टॉवर उठलेले आणि मधे ते बसकं घर. त्याच्या ओट्यावर एक आजी बसलेली असते. तिनंही पहिल्यांदा तोच प्रश्न टाकला.

"कुनाकडं चाललीस गं?"

"कुणाकडं नाही, आजी. फिरायला."

"फिराया? घरात कुनी न्हाई व्हय तुला?"

मी हसले. तिला सांगितलं की घर भरलेलं आहे, पण जो तो विचारून जीव खातो. आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हातात पिशवी न्हाई तुझ्या, म्हनून इचारत्यात. बाईच्या हाताला पिशवी दिसली की कुनी इचारत न्हाई. मी बी न्हाई इचारनार."

काय डोकं! घरी आले आणि दुपारी शिलाई मशीनवर झाकलेलं कापड काढलं. युनिट बंद होताना उरलेले तुकडे आम्ही वाटून घेतले होते. करड्या रंगाचं सीटचं जाड कापड, थोडं रेक्झिन, सीटबेल्टचा पट्टा, आतला स्पंज आणि दोऱ्याची काही रिळं. घरच्या मशीनला जाड सुई लावली आणि पिशवी बेतली. तळाला रेक्झिन, म्हणजे ओल्या जागी ठेवता येईल. धरायला सीटबेल्टचा पट्टा, खांद्यावर अडकेल आणि हँडललाही बसेल इतका लांब. आतून खिसा. बऱ्याच दिवसांनी हाताला ओळखीचं काम मिळालं होतं, मला फार बरं वाटलं.

पिशवी कामाला आली. मोशीच्या चौकात पान टपरीवाला काही बोलला नाही. सोसायटीतल्या बायका नुसत्या हसल्या. आजीनं तर डोळाच मिचकावला. मी मनात म्हटलं, जिंकलो आपण.

पण ती पिशवी घरच्यांनाही दिसली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आई, जाताच आहात तर येताना कोथिंबीर आणाल का?" सून म्हणाली. ती आयटीत आहे, बिचारीची धावपळ असते, मी आणली. पुढच्या रविवारी टोमॅटो आले, मग दूध, मग ह्यांच्या गोळ्या, मग मुलाला आवडतात म्हणून चऱ्होलीच्या मळ्यातली वांगी. नदीवरचं बसणं आखूड झालं, कारण दूध नासेल. मग बसणं बंदच झालं. मी चढावर घाम पुसत, भरलेली पिशवी सांभाळत येऊ लागले, आणि घरात मात्र सगळे खूश. आता माझ्या सायकलला अर्थ आला होता! मुलगासुद्धा म्हणाला, "हां, हे बरंय. व्यायामही होतो, बाजारही होतो."

अशा एका रविवारी मोशीत, हायवे ओलांडताना, गतिरोधकावर दणका बसला आणि पिशवी एका बाजूनं वरपासून खालपर्यंत उसवली. टोमॅटो समोरून येणाऱ्या एका डंपरपुढे पसरले, दुधाच्या पिशव्या फुटल्या. मी टोमॅटो वेचायला वाकले तेव्हा डंपरवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही त्याला ऐकवलं.

घरी येऊन शिवण पाहिली आणि कपाळाला हात लावला. गाडीच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते. धडक झाली की ती आतून फुगून कव्हर फाडून बाहेर यावी लागते, म्हणून तेवढी एक शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं मारतात. मी वर्षानुवर्षं तीच शिवण मारत होते. पिशवी शिवतानाही रिळांमधून हात सवयीनं नेमका त्याच कच्च्या दोऱ्यावर गेला होता. दणका बसला आणि शिवण फाटली. तिनं तिचं काम चोख केलं होतं, मी मात्र हसावं की रडावं या विचारात बसले.

सोसायटीतल्या कुणीतरी हायवेवरचा प्रकार पाहिला होता. मी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. मुलाचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"बास झालं आई. सायकल देऊन टाकायची. माझ्याकडून होत नाही ही काळजी."

"सायकल माझी आहे."

"डंपरखाली गेली असतीस!"

काळजी खरी होती, ते मला दिसत होतं. पण डंपरपुढे मी टोमॅटो वेचत होते, हे कुणी बोलेना. ह्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. "अरे, पिशवीच कच्ची होती. हिला चांगली मजबूत पिशवी शिवू दे, म्हणजे भागलं." यावर सगळ्यांच्या माना डोलल्या, सुनेचीसुद्धा. मी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, ठीक आहे, शिवते.

त्या आठवड्यात मी आयुष्यातली सगळ्यात मजबूत पिशवी शिवली. दोरा पक्का, ओढून पाहून घेतलेला. शिवण दुहेरी, पट्ट्याच्या टोकांना चौकोन मारून मधे फुली. ह्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "यात दहा किलो ज्वारी मावेल," ते कौतुकानं म्हणाले.

ते उठून गेल्यावर मी पिशवीत सीटचा स्पंज ठासून भरला आणि तिचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून टाकलं. दुहेरी.

रविवारी सून दाराशी आली. "आई, येताना कोथिंबीर आणि दोन लिटर दूध. थांबा, जुनं पातेलंही देते कल्हईला." पातेलं आणून ते आत टाकायला तिनं पिशवी हातात घेतली, फिरवली, उलटी केली.

"हे उघडतं कुठून?"

"उघडत नाही."

"म्हणजे? आत काय आहे?"

"स्पंज. नदीवर बसायला. दगड टोचतात."

आतून मुलगा आला. मी सुनेच्या हातातून पिशवी घेतली. "मी बाजाराला जात नाही. मी फिरायला जाते. हायवे मी उतरून, सायकल हातात धरून ओलांडेन, तेवढी काळजी मी घेते. पण सायकल दिलीस तर मी चऱ्होलीपर्यंत चालत जाईन, आणि लोकांना काय सांगायचं ते तू बघ."

सून पातेलं हातात धरून उभी होती. मग आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला, चपला शोधल्या आणि तिला विचारलं, "कोथिंबीर कुठं चांगली मिळते गं?"

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "आईच आणायच्या."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरले.