मार्थाबाईंची अर्धी प्रार्थना

मार्थाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात वह्या घेत होते. दुकानाच्या पायरीवर तशीच बसले. रडू यायला हवं होतं, पण आधी आठवलं ते त्यांचं हसणं... पोट धरून, डोळ्यांना पदर लावून.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. त्या माझ्याहून मोठ्या, पक्क्या ख्रिस्ती. मी देव्हाऱ्यात दिवा लावणारी. डबा मात्र एकत्र. त्यांच्या प्रार्थनेचं चर्चच्या मंडळीत फार नाव होतं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहराच्या चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. चर्चमध्ये पावसासाठी खास उपासना ठेवली होती. मार्थाबाईंनी मलाही नेलं. पाळकांनी खूण केली तशा त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले, “हे दयाळू पित्या” म्हणाल्या आणि थांबल्या... इतका वेळ, की मला वाटलं, चक्कर आली की काय.

मग डोळे उघडून म्हणाल्या, “मंडळी, माफ करा. ही प्रार्थना मी सकाळपासून आरशासमोर घोकतेय. पावसाचा विचार कमी, तुम्ही काय म्हणाल याचाच जास्त. आणि पाण्याच्या ड्रमच्या जागेवरून शेजारच्या शकुंतलेशी दोन महिने अबोला धरलाय मी. कोणत्या तोंडानं पाणी मागू?”

आणि खाली बसल्या. शेवटी फुलंब्रीकडचे एक म्हातारे बाबा उठले. “बापा, पाणी दे. ढोरं लई तहानलीत. आमेन.” सगळे आमेन म्हणाले, आणि पहिलं हसू फुटलं ते मार्थाबाईंनाच.

घरी येताच त्यांनी आपल्या ड्रममधून दोन कळश्या भरल्या. एक माझ्या हातात दिली आणि आम्ही शेजारी गेलो. शकुंतलाबाई दारातच उभ्या होत्या.

“आज कसं काय?”

“चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसले. आता आणणं भाग होतं.”

“म्हंजे माझ्यासाठी नाय?”

“थोडं तुझ्यासाठी, थोडं लाजेखातर.”

शकुंतलाबाई खो खो हसल्या. “व्हय का? मग वता ड्रमात!”

परतताना मार्थाबाई म्हणाल्या, “मन पुरतं निर्मळ व्हायची वाट बघत बसले असते तर तिचा ड्रम कोरडाच राहिला असता गं. आपण द्यावं. गाळून घ्यायचं काम प्रभूचं.”

पाऊस काही लगेच आला नाही. तोवर दोन्ही घरं एकाच टँकरवर भागवत होती, आणि भांडायची ती आता चहा कुणी करायचा यावरून. मार्थाबाईंच्या प्रार्थना तेव्हापासून अगदी छोट्या झाल्या. काहींना ते रुचलं नाही. त्या मात्र हलक्या झाल्यासारख्या दिसायच्या.

पुढं एक सवयच लागली त्यांना. मी काही चांगलं केल्याचं सांगितलं, की डोळे मिचकावून विचारायच्या, “कुणासाठी केलंस गं?”

आता हे लिहितानाही तो प्रश्न कानाशी आहेच. तुमच्यासाठीच लिहितेय, मार्थाबाई... आणि थोडं, वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझं नाव छापून यावं म्हणूनही. तरी लिहितेय.