इंजिनच्या आवाजामागचा माणूस

हा ग्रुप गाड्यांचा आहे, भुताखेतांचा नाही, याची मला कल्पना आहे. ॲडमिनला विचारूनच लिहितोय. मी गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, वीस वर्षं. पंप कुरकुरला, बेअरिंग वाजायला लागलं की मला बोलावतात. आवाज आला म्हणजे त्याला कारण असणार, आणि ते सापडेपर्यंत खोलत जायचं... एवढाच माझा धर्म. देवळात जातो तो नूतन, म्हणजे माझी बायको, नेते म्हणून. कौल, गाऱ्हाणी, अंगात येणं, यातलं काही मी कधी मानलं नाही. खरं सांगायचं तर आजही मानत नाही. म्हणूनच जास्त त्रास होतो.

जुन्या मेंबरांना माझा प्रोजेक्ट आठवत असेल. लाल रंगाची, दोन सीटची, कापडी हूडवाली जुनी स्पोर्ट्स कार. पेडणे तालुक्यात कोरगावच्या बाजूला एका घराच्या गॅरेजमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. मालक उल्हासबाब (नावं सगळी बदलली आहेत) बोटीवर इंजिनीअर होते. सुट्टीवर आले की दिवसभर त्या गाडीखाली. ते वारल्यावर त्यांच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, गाडीला हात लावला नव्हता. मी घ्यायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अचानक गेले. तू नीट करशील ना? मग ने.’’

ट्रकवर घालून गाडी साखळी गावात माझ्या घरी आणली. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, हूडच्या चिंध्या झालेल्या, ब्रेक जाम. दोन वर्षांचे सगळे रविवार तिच्यात गेले. एकदाचं इंजिन सुरू झालं, पण गाडी उभी असताना, आयडलला, पुढच्या बाजूनं एक बारीक ठक-ठक यायची. टॅपेट सेट केले, दोन्ही कार्बोरेटर जुळवले, तरी जाईना. शेवटी आपण सगळेच करतो ते केलं — बॉनेट उघडून मोबाइल इंजिनजवळ धरला, चाळीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड केला आणि ग्रुपवर टाकला. ‘कुणी ओळखेल का?’

वेळ सकाळी अकराची. त्या दिवशी मी रजा टाकली होती. नूतन शाळेत — ती शिक्षिका आहे. मी एकटाच. आणि माझी शेड म्हणजे तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती नि वर पत्रे. पुढून सताड उघडी. तिला दारच नाही.

एकानं लिहिलं टायमिंग चेन, दुसऱ्यानं लिहिलं वॉटर पंप. आणि मग पेडण्याच्या परेशचा मेसेज आला — ‘मागे बोलतंय कोण?’

मी लिहिलं, कोणी नाही.

त्यानं लगेच फोन केला. ‘‘संदेश, अठराव्या सेकंदाला ऐक. हेडफोन लावून.’’

ऐकलं. इंजिनचा आवाज, ती ठक-ठक... आणि त्यांच्यामागे, भिंतीपलीकडून यावा तसा, पुरुषाचा आवाज. घोगरा. एकदाच.

‘‘दार उगड गो.’’

ज्यांना आमची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ‘गो’ आम्ही बाईमाणसाला म्हणतो. तो जो कोण होता, तो एका बाईला दार उघडायला सांगत होता.

माझं डोकं आधी कारणाकडेच गेलं. शेजाऱ्यांचा टीव्ही? ते कोल्हापूरकडचे, कामासाठी इथे राहिलेले. घराला त्या दिवशी कुलूप होतं. रस्त्यावरचं कोणी? रस्ता शेडपासून लांब. त्याच जागी, त्याच वेळेला, तसाच मोबाइल धरून मी आणखी वीसेक क्लिपा काढल्या. एकीतही नाही. ग्रुपवर विचारलं तर निम्म्यांना ऐकू आलं, निम्म्यांना नाही. नूतननं तीनदा ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मला नुसतं इंजिन ऐकू येतं. तू झोप जरा.’’

दोन दिवसांनी परेशचा पुन्हा फोन. या वेळी आवाज खाली आणून बोलत होता.

‘‘तुला एक सांगायचं राहिलं. गाडी घेतलीस तेव्हा मुद्दाम बोललो नाही, म्हटलं मन खट्टू होईल. तो आवाज उल्हासबाबचा आहे. लहानपणापासून ऐकलाय मी, आमचं घर त्यांच्याच वाड्यावर.’’

‘‘काहीतरी बोलू नको.’’

‘‘ते गॅरेजातच गेले रे. गाडी चालू होती आणि दार बंद. धुरानं. आता तूच सांग, बोटीवरचा इंजिनीअर दार बंद करून इंजिन चालू ठेवील? गावात सगळे म्हणतात, त्यांनी मुद्दाम केलं. दाराजवळ पडलेले सापडले म्हणून कोणी म्हणतं, शेवटी मन बदललं असेल...’’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गाडीकडे बघत बसलो. भीती नव्हती वाटत. लाज वाटत होती, का ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात सुलभावहिनींचा फोन आला. कपाटात गाडीच्या गॅस्केटांचा एक खोका सापडला होता, येऊन घेऊन जा म्हणाल्या. मी गेलो. क्लिप त्यांना ऐकवायची नाही असं ठरवून गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. पण त्यांनी चहा ठेवला, जनेलापाशी (खिडकीपाशी) बसल्या आणि विचारलं, ‘‘गाडी सुरू झाली? आवाज कसा येतो? त्यांना आवाज एकदम साफ लागायचा.’’

आणि मी मोबाइल काढला. त्यांचं मन, त्यांचं दुःख, यांतलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, त्यांना ऐकू येतं का. आवाजाचं कारण शोधायची माझी खोड. दुसरं काही नाही.

वहिनींनी मोबाइल कानाला लावला. आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा... कसा सांगू? रंग उडाला असं म्हणतात, तसं नाही झालं. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस दारात आला की जसा होईल, तसा झाला.

त्यांनी परत ऐकलं. मग मोबाइल पदरात धरून बसल्या.

‘‘कोणी कोणी ऐकलंय हे?’’

‘‘ग्रुपवर आहे, वहिनी. मी काढून टाकतो.’’

‘‘त्यांनी हाक मारली नसणार असं डॉक्टर म्हणाला होता मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणाला, बाई, त्यांना कळलंही नसेल, झोप लागल्यासारखं झालं असेल. त्यावर मी इतकी वर्षं काढली.’’

मी मोबाइल घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो सोडला नाही.

‘‘दार त्यांनी लावलं नव्हतं. मी लावलं. माझं डोकं उठलं होतं त्या दिवशी. ते इंजिनावर वाकून कान लावून ऐकत होते, पाठ माझ्याकडे. त्या आवाजात सांगून काय ऐकू जाणार? मी दोन्ही फळ्या ओढल्या. वाऱ्यानं आपटतात म्हणून बाहेरून कडी घातली. म्हटलं, त्यांचं झालं की हाक मारतील. गोळी घेतली, डोक्यावर पांघरूण घेतलं... दोन तास झोपले मी.’’

चहा उतू जात होता. उठून मी गॅस बंद केला.

‘‘कडी मीच काढली, मग लोकांना बोलावलं. लोक म्हणाले, जीव दिला. मी म्हणू दिलं, संदेश. आपल्या नवऱ्याबद्दल असं म्हणू दिलं.’’

मी म्हणालो, ‘‘तुम्हाला माहीत नव्हतं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता आहे ना.’’

निघताना त्यांनी ती क्लिप मागून घेतली. मी पाठवली. घरी आल्यावर ग्रुपवरून काढून टाकली, सगळ्यांना डिलीट करायला सांगितलं, माझ्या मोबाइलमधूनही पुसली.

पुढच्या रविवारी वहिनींनी थोरल्या दिरांना बोलावून सगळं सांगितलं. वहिनींना वाटलं होतं, दीर चिडतील, शिव्या देतील. ते फक्त म्हणाले, ‘‘झालं ते झालं,’’ आणि चप्पल घालून निघून गेले. त्यानंतरच्या चवथीला, म्हणजे गणपतीला, दिरांच्या घरातून कोणी वहिनींकडे आलं नाही. गावात आता लोक उल्हासबाबबद्दल बोलत नाहीत. वहिनींबद्दल बोलतात. हे इथं लिहायला त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, ‘‘लिही. लोक बंद जागेत गाडी चालू ठेवतात.’’ तर मित्रांनो, ठेवू नका. घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा.

गाडीचं विचाराल, तर ठक-ठक टायमिंग चेनच्या टेन्शनरची निघाली. बदलला, गेली. परेशला घेऊन एकदा सकाळी पेडण्यावरून केरीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊनही आलो. पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसत होता, हूड खाली, इंजिन रेशमासारखं. वाटेत काहीही झालं नाही. कोणाचा आवाज नाही, कसला भास नाही. गाडी एकदम निर्दोष आहे. तेव्हापासून ती झाकून ठेवली आहे.

मला वाटलं होतं, इथे संपलं.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. ‘‘येशील? आज त्यांनी पुढचं म्हटलं.’’

मी हाफ डे टाकून गेलो. वहिनी फार वाळल्या आहेत. घरातली सगळी जनेलं, सगळी दारं उघडी. कपाटांचीसुद्धा. मोबाइल चार्जरला लावून देवाजवळ ठेवलेला. रोज सकाळी आंघोळ झाली की ऐकतात म्हणाल्या. इतके दिवस तेवढंच यायचं. आता त्याच्यानंतर आणखी आहे.

त्यांनी क्लिप लावली आणि मोबाइल माझ्या कानाशी धरला.

चाळीस सेकंद. मी शेवटपर्यंत ऐकलं. इंजिन होतं. ठक-ठक होती. अठरावा सेकंद आला, गेला... आणि काही नाही. पुढचं सोडाच, जे मी स्वतः हेडफोन लावून ऐकलं होतं, तेही नाही. नुसतं इंजिन.

‘‘ऐकलंस?’’

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरकडे जाऊ या म्हणायला हवं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी परेशच्या बायकोला सांगितलं, ती आता रोज त्यांच्याकडे जाऊन बसते. पण त्या क्षणी...

‘‘हो,’’ मी म्हणालो.

वहिनींनी डोळे मिटले. ‘‘बरं झालं बाबा. मला वाटलं, मला एकटीलाच येतं.’’

पुढचे शब्द काय होते, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं खोटं कळलं असतं. त्या सुखावल्या होत्या की घाबरल्या होत्या, तेही चेहऱ्यावरून सांगता येईना.

रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज कुठून आला, काही जणांनाच का ऐकू आला, आणि माझ्या कानांतून तो का निघून गेला... खूप डोकं चालवलं, कारण सापडलं नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा. पण आता मला ते तितकं छळत नाही. एका बाईनं विश्वासानं माझ्या कानाशी काहीतरी धरलं आणि मी हो म्हणालो. नेमक्या कोणत्या शब्दांना हो म्हणालो, ते मला माहीत नाही.