पौर्णिमेची तिकिटं

आमचे हे रोज संध्याकाळी साडेसातला बसतात. बसतात म्हणजे काय, ते वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. वाटीभर फुटाणे, दोन-तीन ग्लास, आणि नऊ वाजायच्या आत माणूस गाढ झोपेत. शेजारणी म्हणतात, तुझं नशीब बरं. असेल बाई. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि दिवे लागल्यानंतरचा शुद्धीतला नवरा मी पाहिलेलाच नव्हता. त्यांची दारू सुटावी ही आशा मी कधीच सोडून दिली होती. मला फक्त एक संध्याकाळ हवी होती.

माणूस खोटा नाही, हेही सांगते. विहारात पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. चार शीलं खणखणीत म्हणतात. पाचवं, मद्याचं, आलं की ओठ मिटून उभे राहतात. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "चौथं खोटं न बोलायचं हाये ना? मंग पाचवं कसं म्हनू?" मी कपाळावर हात मारला.

ते निवृत्त झाले तेव्हा श्रीलंकेला जायचं ठरलं. अमरावतीच्या टूरवाल्याकडे मी एकटीच गेले. त्याने बॅगेत काय न्यायचं, काय नाही, हे सांगता सांगता दारूचे नियमही सांगितले. इथून किती बाटल्या नेता येतात, येताना दोन लिटर आणता येते, वगैरे. मग आवाज हळू करून म्हणाला, "मॅडम, तुमी वैशाख पौर्णिमा धरली. तवा तिकडं दोन दिवस दारू बंद राह्यते. हाटेलातबी भेटत नाही. मागच्या पार्टीनं म्हनूनच तारीख बदलली. तुमची बदलू का?"

"नको," मी म्हटलं, "तीच राहू द्या." त्याने दिलेला नियमांचा कागद घडी करून पर्समध्ये अगदी तळाशी ठेवला. घरी यांना एवढंच सांगितलं, की तिकडे सगळं मिळतं. मी शीलं पाचही म्हणते, तरी खोटं बोलले.

कँडीच्या हॉटेलात पोहोचलो तर बारवर पांढरा कपडा अंथरलेला. मॅनेजरने हसून हात जोडले. यांनी कपड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले मालूम होतं."

"हो."

त्या संध्याकाळी त्यांनी खोलीत येरझारा घातल्या, टॉवेल पिळत बसले, तीनदा तोंड धुतलं, शेवटी भिंतीकडे तोंड करून पडले. मला स्वतःचीच चीड आली. एवढ्या लांब आणून माणसाला पिंजऱ्यात घातलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना ते आपणहून म्हणाले, "चाल, पाय मोकळे करू."

तलावाकाठी सगळीकडे कागदी कंदील टांगले होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळूहळू चालत होती, कोणाला कसली घाई म्हणून नव्हती. पाण्यात कंदील, वर चंद्र, आणि मधे आम्ही दोघं. एका मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालत होते. आम्हीही रांगेत उभे राहून भात घेतला आणि पायरीवर बसून हातानं खायला लागलो. हवा ओलसर, कुठूनतरी मोगऱ्यासारखा वास. मला वाटलं, मी झोपेत आहे आणि कोणी हलवू नये.

ते बोलायला लागले. लहानपणी अकोटला वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, तिथे एकदा हे लहानगे ढिगावर झोपून गेले. सगळी वस्ती शोधत फिरली, आणि हे आत गरम कापसात. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. मग थांबून त्यांनी विचारलं, "काय करत असतं तू रोज संध्याकाळी?"

मला आधी रागच आला. सव्वीस वर्षांनी! पण सांगितलं. भाकरी टाकते. टीव्हीचा आवाज बारीक करते, तुमची झोप मोडू नये म्हणून. मग पायरीवर बसते.

"एकटीच?"

"मंग कोनासंग बसू?"

त्यांचा घास हातातच राहिला.

तिसऱ्या दिवशी बारवरचा कपडा निघाला आणि संध्याकाळी हे खाली जाऊन बसले. परतताना विमानतळावर नियमात बसतात तेवढ्या, दोन लिटरच्या बाटल्याही घेतल्या. माझी संध्याकाळ मला मिळाली होती, आता तक्रार कशाची करायची?

विमान वर गेलं. बाटल्यांची पिशवी त्यांच्या दोन्ही पायांमध्ये. खिडकीबाहेर ढग होते. मला वाटलं झोपले, तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाले, "काय वं, दोन दिवसाहून जास्त बंद ठेवते असा कोनता देश हाये का?"

मला हसू आलं, आणि रडूही.

"चौकशी करते," मी म्हटलं.