झेंडूच्या क्रेटातलं पिल्लू

त्या सकाळी माझं कशातच लक्ष नव्हतं. चहा उतू गेला, भाकरी करपली. आज आमचं पिल्लू पहिल्यांदा रानात उतरणार होतं! सायखेड्याच्या मावशीकडून आणलेली तांबूस कुत्री, एक कान उभा, एक पडलेला.

तिच्या आधीचं पिल्लू पार्व्होने, कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या रोगाने, गेलं होतं. लसीची दोन इंजेक्शनं झाली म्हणून आम्ही निर्धास्त होतो, त्याला रानभर हुंदडू दिलं आणि पाहता पाहता ते संपलं. सासूबाई कितीतरी दिवस त्याची ताटली ओसरीवरून उचलू देत नव्हत्या.

म्हणून या वेळी मी जनावरांच्या डॉक्टर मॅडमना आधीच गाठलं. त्या म्हणाल्या, "आईच्या चिकातून मिळालेली ताकद पिल्लाला जपते, पण ती अंगात असेपर्यंत आपली लसही लागू पडू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. तोवर तिला मातीत सोडू नका, तुमच्या रानात रोग अजून असेल. जग मात्र दाखवा."

सासूबाईंनी यातला चीक तेवढा उचलला. नेमकी त्याच आठवड्यात गाय व्याली. वासरू पिऊन उरलेल्या चिकाच्या खरवसावर आम्हा सगळ्यांचा डोळा, आणि सासूबाईंनी वाटीभर चीक पिल्लापुढे ठेवलेला! "आईचा सरला आसंल तर गाईचा घे."

मी फोन लावून दिला. मॅडम हसत सुटल्या. "आजी, गाईचा चीक वासराच्या कामाचा. आणि पिल्लाला आईचाही जन्मल्या जन्मल्याच लागू पडतो. खरवस तुम्हीच खा."

"मंग मी काय नुसती बसून राहू?" सासूबाई चिडल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

बसून राहणं त्यांना ठाऊकच नाही. झेंडूचं एक क्रेट घासून, उन्हात वाळवून त्यांनी आत गोधडी घातली, पिल्लाला बसवलं आणि आमच्या चार पायांच्या महाराणी टेम्पोतून फुलबाजारात निघाल्या. बाजारात कोणी विचारी, "आज्जी, हिचा काय भाव?"

"ही विकायची नाय. आन् हात लावू नको, कुठलं कुत्रं कुरवाळून आला आसशील!"

शेवटची लस झाली, त्यानंतर थांबायला सांगितलेले दिवसही सरले. त्या सकाळी सासूबाईंनी क्रेट बांधावर ठेवलं आणि तिला उचलून खाली सोडलं. ती थबकली, माती हुंगली आणि सुसाट झेंडूत घुसली. कळ्यांनी लगडलेलं एक रोप मोडलं, मग दुसरं. एका रोपावर पाय पडला तरी अख्ख्या घराला फैलावर घेणारी ही बाई! मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी पदर खोचला होता आणि डोळे भरून आले होते.

"पळ गं माझे बाई," त्या ओरडल्या, "त्याच्या वाटचं बी पळ!"