बिनरंगाचा भोवरा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढं हातात पेन्सिल आली ती फक्त टॉवेलच्या गठ्ठ्यांवर खुणा करायला. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. बोलून सांगायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते.

आमचे मालक कातारी होते, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून वस्तू करणारे. आमचं लग्न झालं तेव्हा ते मागांसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या करायचे. प्लास्टिकच्या कांड्या आल्या आणि ते काम बसलं. मग त्यांनी भोवरे धरले. वर्षभर थोडे थोडे करून ठेवायचे आणि संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेत, विकायचे. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करायची. दोघांचं भागत होतं.

भोवरा ओळखायचा कसा ते त्यांनीच मला शिकवलं. रंग बघू नकोस म्हणायचे, डोळे मिटून त्याच्या वरच्या फुगीर खांद्यावरून अंगठा फिरव. घाईनं केलेल्या भोवऱ्यावर अंगठा कुठंतरी अडतो. त्यांच्या भोवऱ्यावर कधीच अडला नाही. खांद्याच्या खाली त्यांच्या दोन काळ्या रेघा असायच्या, अगदी जवळ जवळ. फिरत्या लाकडावर तार ताणून धरायची, ती लाकडाला जाळत जाते, त्या रेघा. कुणाच्याही घरात दिसला तरी आमचा भोवरा मला ओळखू यायचा.

त्यांचा एक नियम होता. खालचा खिळा, म्हणजे आर, बसवली की भोवऱ्याला जाळी, म्हणजे त्याची दोरी, गुंडाळायची, तो हवेत फेकायचा आणि भुईला लागू न देता तळहातावर झेलायचा. हातावर थरथरला तर आर काढून पुन्हा काम. दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर आधी आपल्या हातावर उभा राहिला पाहिजे, असं ते म्हणायचे.

ही हातजाळी त्यांनी मलाही शिकवली, पण दार लावून. बायको भोवरा खेळते म्हणून गल्ली हसली असती. पहिल्यांदा फेकला तो जाऊन चहाच्या पातेल्यावर आदळला. पातेल्याला पडलेला पोचा अजून आहे. मी गप्प उभी.

"अगं, भोवरा तरी फिरताना गुणगुणतो," ते म्हणाले, "तू त्याच्यापेक्षा गप्प हायस."

मी पातेलं उचलून पोचा अंगठ्यानं चोळत बसले, म्हणून ते आणखी हसले.

मागच्या पावसाळ्यात त्यांची छाती भरली. दवाखान्याचा खर्च वाढत गेला. शेजारची आक्का, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणाऱ्या घरची, तिनं मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे माझ्या हातात ठेवले. कधी देशील हे विचारलं नाही. मालक घरी परत आले नाहीत.

मागच्या खोलीत रंगवलेल्या भोवऱ्यांचं पोतं होतं. सगळे बिनआरेचे. लाकूड पुरतं वाळायच्या आत आर मारली तर पुढं ती सैल होते, म्हणून ते दिवाळीनंतरच आरी बसवायचे. लेथवर आणखी एक होता, बिनरंगाचा. रेघा ओढून झाल्या होत्या, रंगाची लाख लावायची राहिली होती. खाली भुसा तसाच पडलेला. तो मी बरेच दिवस झाडला नाही.

दिवाळीनंतर आक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं पैशाचा विषय काढला नाही. उलट माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची ती यायची बंद झाली, मला वाटू नये की मागायला आली. ते मला जास्त लागलं. मी पोतं सोडलं.

सरळ हातोडीनं आर मारायला गेले तर भोवरा उभा फाटला. दुसराही फाटला. मग आठवलं, ते आधी बारीक भोक पाडायचे आणि रात्रभर टोकाला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे. फाटलेले चुलीत घालवेनात, फळीवर ठेवले. बाकीच्यांना हळूहळू आरी बसल्या. एकेक भोवरा माझ्या तळहातावर फिरवला आणि मगच बाजूला ठेवला.

बिनरंगाच्याला आर बसवली, पण तो फिरवला नाही. तो त्यांनी फिरवायचा होता. त्यांच्या दस्तीत, हातरुमालात, गुंडाळून तो जत्रेत मांडीवर घेऊन बसायची. एकटीनं बसायचा धीर नव्हता.

गड्ड्यावर पोरं येत, भोवरा उचलत, उलटी जाळी गुंडाळत आणि ठेवून देत. एकानं आईला विचारलं, "ह्यात सेल कुटं घालायचा?" शेवटी मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि चारचौघांत भोवरा फेकला. हातावर उभा राहिला. लोक थांबले. त्यानंतर माल जाऊ लागला.

शेवटच्या दिवशी पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे आले. रंगीत भोवऱ्यांकडं त्यांनी बघितलंही नाही. मी दस्ती सोडून घाम पुसत होते, तेव्हा त्यांना मांडीवरचा दिसला.

"तो दाखवा. रंगाखाली काय लपलंय कळत न्हाय."

विकायचा नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी भोवरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी डोळे मिटले आणि खांद्यावरून अंगठा फिरवला. मग जाळी गुंडाळून फेकला आणि झेलला. त्यांच्या हातावर तो असा उभा राहिला की फिरतोय हे कळेना. बारीक आवाज तेवढा येत होता.

"कुणी केलाय?"

"आमच्या मालकांनी."

"कुटं असतात?"

"घरी," मी म्हणाले.

"त्यांना सांगा, लई वर्षांनी असा भोवरा हातावर उभा राहिला. सांगाल न्हवं?"

"व्हय. सांगते."

भाव न करता त्यांनी नोट चटईवर ठेवली, भोवरा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि गेले. भला माणूस होता. मी म्हणाले असते तर परत दिला असता. मी उठून उभी राहिले तोवर गर्दीत टोप्याच टोप्या होत्या.

घरी येऊन लेथपाशी उभी राहिले आणि निरोप सांगितला. मोठ्यानं सांगितला. मग खालचा भुसा झाडला.

सकाळी आक्काकडं गेले आणि पैसे तिच्या पदरात टाकले.

"एवढी घाई का केलीस गं?" ती म्हणाली. "त्याच्या हातचा एक तरी ठेवलास का न्हाय?"

मी मान डोलावली. फळीवर फाटलेले आहेत. ते फिरत नाहीत.

आक्कानं पैसे न मोजताच ट्रंकेत ठेवले. मी मोजून आणले होते. सगळे फिटले.