पोहायच्या हौदाची खिडकी

त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच न्हाय. दुष्काळाच्या साली परंड्याजवळ साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसला पोहायचा हौद बांधत होते, तिथं मी चहा द्यायची. हौदाच्या भिंतीत काचेगत दिसणारी अ‍ॅक्रिलिकची जाड पाटी बसवायला तो आला होता. बोलायच्या आधी कशावर तरी बोटानं टकटक करायचा, माझ्या कपबशीवरसुद्धा. गवंड्यानं पाटीभोवती सिमेंट ठासलं, तर यानं सगळं खरवडायला लावलं.

मी म्हणलं, "असं का वो?"

"वहिनी, उन्हात ही फुगती. हलायला जागा न्हाय ठेवली तर तडकंल."

त्यानं पाटीच्या सांध्यात रबरासारखा मऊ मसाला भरला, मग टँकरनं हौद भरला. आठ दिवस पाणी ठेवून कुठं गळतंय का बघायचं होतं. कुंपणाबाहेर बाया रिकाम्या घागरी घेऊन दिवसभर उभ्या असायच्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्री त्यांच्याकडं बघत राहिला, मग कारखान्याच्या साहेबाला म्हणाला, "सांधा पाझरतोय. सगळं पाणी काढावं लागंल. बायांना नेऊ द्या."

साहेब कुरकुरत व्हय म्हणाला.

एवढ्या निगुतीनं बसवलेला सांधा पाझरतो म्हणजे मला लई नवल वाटलं. बाया घागरी भरत होत्या, तवा मी बाहेरनं सांध्यावर बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. मिस्त्री माझ्याकडंच बघत होता.

मी बोट पदराला पुसलं आन् साहेबाला ऐकू जाईल असं म्हणलं, "व्हय की, लईच पाझरतंय."