पेशकारसाहेबांनी सोडलेली सून

आमच्या गल्लीत टीव्हीवरच्या खुनाबद्दल मत द्यायचं, तर आधी शपथ घ्यावी लागे. ती द्यायचे पेशकारसाहेब. जिल्हा कोर्टात त्यांची सगळी नोकरी जजसाहेबांच्या समोर बसून कागद पुढं ठेवण्यात आणि जबान्या लिहून घेण्यात गेली. निजामाच्या अमलात ते उर्दूत लिहायला लागले. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली तेव्हा मराठीही शिकले, पण हात पळायचा तो उर्दूतच. मी त्यांना पाहिलं ते रिटायर झाल्यावर. कोर्ट सुटलं होतं, सवय सुटली नव्हती.

टीव्ही गल्लीत त्यांच्याकडेच होता. लाकडी शटरचा, काळापांढरा, आणि स्वभावानं त्यांच्याइतकाच सावकाश. बटण दाबल्यावर आवाज लगेच यायचा, चित्र मात्र आतून तयार होऊन आल्यासारखं दोन मिनिटांनी. आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्यावर रहस्यकथांची मालिका लागे. दर वेळी नवी गोष्ट, नवी माणसं, नवा मुडदा. आम्ही वीस-पंचवीस जणं सतरंजीवर. शेवटच्या भागाआधी जाहिराती सुरू झाल्या की पेशकारसाहेब फाइल उघडून टीव्हीसमोर उभे राहत. “निकाल नंतर. आधी जबानी.”

प्रश्न तीनच असायचे. कुणी केलं? का केलं? कशावरून? तिसऱ्या प्रश्नाला भल्याभल्यांची बोबडी वळायची. माझी आई चार माणसांत कधी तोंड उघडत नसे, पण तिलाही सूट नव्हती. एकदा ती चाचरत म्हणाली, “मला त्या मुनीमाचे डोळेच आवडले नाहीत.”

“वहिनी,” साहेब गंभीरपणे म्हणाले, “डोळ्यावर फाशी देता येत नाय. तरी लिहून घेतो.”

त्यांचं स्वतःचं मत मात्र कधी कळलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आगाऊ होते. एकदा विचारलंच. ते म्हणाले, “बेटी, पेशकाराला मत नसतं. कान असतात.”

आणि मग ती सुनेची गोष्ट लागली. एक खाष्ट सासरा सुनेनं दिलेला काढा पिऊन मरतो. काढा सुनेनं उकळलेला, पण पुड्या आणलेल्या कंपाउंडरनं, आणि पेला नेऊन दिलेला पुतण्यानं. जाहिराती लागल्या. जबान्या सुरू झाल्या. लोक साहेबांच्या कमरेच्या बाजूनं पडद्याकडं डोकावायला लागले, तेव्हा त्यांनी सरळ टीव्ही बंद केला. नेमके त्याच दिवशी आमचे सोनवणे मास्तर फिरले. आधी त्यांनी कंपाउंडरचं नाव दिलं, मग म्हणाले, “नाय, सूनच.” साहेबांनी भुवया वर केल्या. “मास्तर, गवाह फुटला म्हणायचा का हा?” मास्तर चिडले, साहेब खुलले, उलटतपासणी रंगली. शेवटी टीव्ही लावला तर आवाज आला तो संगीताचा, आणि चित्र उमटलं तेव्हा नावं वर सरकत होती.

गोष्ट संपली होती, खुनी कोण ते कुणालाच कळलं नव्हतं. मग मास्तर उठले. “पुढच्या वेळी आम्ही दुसरीकडं बघू,” म्हणाले आणि चप्पल घालून गेले. त्यांच्यामागं एकेक करून सगळेच गेले. पुढच्या आठवड्यात सतरंजीवर फक्त मी आणि आई. साहेबांनी फाइल उघडली नाही. मला फार वाईट वाटलं. कोर्टातून त्यांना वयानं उठवलं होतं, इथून आम्ही उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते शेरवानी घालून, फाइल सायकलच्या कॅरियरला लावून बाहेर पडले. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला गवाह शोधायचा आणि गल्लीचा निकाल गल्लीला परत द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

ते वळणाआड होतात न होतात तोच चाचींनी, म्हणजे त्यांच्या बेगमनी, मला स्वयंपाकघरात ओढलं. “तुला म्हणून सांगते. शेवट मी बघितलाय.”

मी उडालेच. त्या संध्याकाळी जबान्यांना कंटाळून चाची मागच्या दारानं सटकल्या होत्या. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टीव्ही चालू होता आणि दुकानदाराचं डोकं दुसऱ्या टीव्हीच्या पोटात होतं. दारात उभं राहून त्यांनी शेवटपर्यंत सगळं पाहिलं. “सुनेनंच विष दिलं. पुडी बांगड्यांच्या डब्यात सापडली.”

“मग सांगा ना साहेबांना!”

“वेडी का काय तू? रिटायर झाल्यापासून हा माणूस सकाळी उठून भिंतीकडं बघत बसायचा. आज पहिल्यांदा स्वतःहून शेरवानी मागितली. सांगितलं, तर उद्या जातील कुठं?”

साहेब पंधरा दिवस फिरले. क्रांती चौकातला एक घड्याळजी शपथेवर म्हणाला, कंपाउंडर. चिकलठाण्याच्या कारखान्यातला फिटर म्हणाला, पुतण्या, आणि मग कबूल झाला की मधे डोळा लागला होता. अजिंठ्याकडच्या गाडीवरचा कंडक्टर म्हणाला, सासऱ्यानं स्वतःच घेतलं. गल्लीतले लोक कुठून कुठून ऐकून यायचे, त्यांना साहेब दारातच थांबवायचे. “ऐकीव चालत नाय. बघणारा आणा.” हळूहळू लोक मुद्दाम विचारायला थांबू लागले. “काय साहेब, केस कुठवर?” मास्तरसुद्धा एकदा सायकल धरून उभे राहिले.

शेवटी एका रविवारी दुपारी साहेबांनी गल्ली बोलावली. सतरंजी भरली. त्यांनी सगळ्या जबान्या वाचून दाखवल्या. फिटरची डुलकी वाचताना लोक हसून हसून लोळले. मग फाइल मिटता मिटता ते थांबले आणि आतल्या दाराकडं वळले.

“एक गवाह राहिलाय, त्या संध्याकाळी जबानी न देता उठलेला. बेगम, बाहेर या. शपथेवर सांगा, शेवट तुम्ही बघितला का?”

चाचींनी पदर सारखा केला. “मी कुठं बघणार? मी स्टोव्हपाशी होते.”

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ पाहिलं. मग मान खाली घालून लिहून घेतलं.

“मग निकाल द्या आता तुम्हीच,” मास्तर म्हणाले. “इतकी वर्षं दुसऱ्यांचे लिहिले.”

साहेब गडबडले. टोपी काढली, पुन्हा घातली. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसावं. मग उभे राहून, अगदी जजसाहेबांच्या आवाजात म्हणाले, “पुरावा नाय. गवाहांचा मेळ नाय. संशयाचा फायदा देऊन सून बाइज्जत सोडण्यात येते.” गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात चाचींनी. पुढच्या आठवड्यापासून सतरंजी पुन्हा पुरेना.

त्यानंतर साहेब अकरा वर्षं जगले. ते गेल्यावर, चाळीसावा दिवस झाल्यावर, मी चाचींकडं गेले तर त्या ती फाइल घेऊन बसल्या होत्या. मला उर्दू येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचू लागल्या. तेव्हा कळलं की प्रत्येक जबानीखाली साहेबांनी बारीक अक्षरात शेरा मारला होता, तो कधी कुणाला वाचून दाखवला नव्हता. फिटरखाली, “झोपाळू, पण सच्चा.” मास्तरांखाली, “फाशीची घाई.” आईखाली, “नजर बरोबर, पुरावा नाय.” आम्ही हसत होतो. सुनेच्या केसचं शेवटचं पान चाचींचं. त्या मनातल्या मनात वाचू लागल्या आणि थांबल्या.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

त्यांनी वाचलं, “गवाह खोटं बोलते. माझ्यासाठी बोलते. जबानी कबूल.”

चष्मा काढून त्या बराच वेळ कागदावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्या माणसापुढं माझं एक खोटं कधी टिकलं नाय, बेटी. हे एवढं एक टिकलं, असं समजून मी अकरा वर्षं खूश होते.”